भुताची गोष्ट मोठी की भुताचे आकडे?

रंकाळावारा

टेबलटॉप रोलप्लेइंग गेममध्ये, म्हणजे टेबलाभोवती बसून फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळात, प्रत्येक राक्षसाची, भुताची माहिती दोन भागांत येते. एक त्याची गोष्ट, म्हणजे लोर: कुठं राहतो, काय खातो, कशाला भितो. दुसरा स्टॅट ब्लॉक: एसी (त्याला फटका लागणं किती अवघड), एचपी (तो किती मार सोसतो), हल्ले, कशाचा परिणाम होतो आणि कशाचा होत नाही. या दोघांचं पटलं नाही तर टेबलवर ऐकायचं कुणाचं?

राजारामपुरीत आमचा ग्रुप डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे डी अँड डीची पाचवी आवृत्ती खेळतो, २०१४ चे नियम. सध्या मी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, आहे आणि कथा आपल्याच मुलखातली आहे. माळावरचं भूत अमावस्येला वाटेवरच्या पैलवानाला कुस्तीला बोलावतं, ही गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली. आकड्यांसाठी मी पुस्तकातला 'घोस्ट' घेतला. एसी ११, एचपी ४५. एका खेळाडूचं पात्र तालमीतलं. सलामी झाली आणि तो म्हणाला, "पट काढतो." घोस्टला 'ग्रॅपल्ड' ही अवस्था लागूच होत नाही, असं पुस्तकात स्पष्ट छापलंय. अर्धं टेबल म्हणालं, जे पकडता येत नाही ते कुस्ती खेळतं कसं? बाकीचे म्हणाले, नियम तो नियम, आज इथं सोडला तर उद्या कुठं धरायचा? सेशन तिथंच थांबवलं. रविवारी पुढचा भाग आहे.

माझं मत असं की खेळाडू गोष्ट ऐकून त्यावर विश्वास ठेवतो आणि त्या विश्वासावर काहीतरी करायला जातो. तिथं नियमानं त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे. तुम्ही काय करता?

मंगळवारपेठी

कुस्तीला बोलवायचं आणि अंगाला हात लावू द्यायचा न्हाई? असलं भूत कोल्हापुरात चालायचं न्हाई भावा. पब्लिकच उतरंल हौद्यात.

फासा_वीस

मी नियमवाला आहे, त्यामुळं आधीच सांगतो की तुमच्या पैलवानाला 'पकडता येत नाही' म्हणणं बरोबरच होतं. पण खरी गडबड त्याच्या अलीकडंच आहे. घोस्टचं स्ट्रेंग्थ (ताकद) ७ आहे, म्हणजे ताकदीच्या फाशात वजा २. ग्रॅपल्डची मनाई तुम्ही काढून टाकली असती तरी पैलवानानं पहिल्याच फेरीत त्याला आसमान दाखवलं असतं. मग तो माळ सगळ्या गावाला भीती दाखवतो कशाच्या जोरावर? तेव्हा लोर विरुद्ध नियम असं हे भांडण नाहीच. स्टॅट ब्लॉक चुकीच्या भुताचा आहे, एवढंच.

ऑगरचे, म्हणजे पुस्तकातल्या धिप्पाड राक्षसाचे, आकडे घ्या. एसी ११, एचपी ५९, स्ट्रेंग्थ १९. वर भुताचं वर्णन चढवा, झालं काम.

आता मूळ प्रश्नाबद्दल. लोरची दोन-दोन पानं टेबलवर कुणी वाचत नाही. रात्री दहाला, अर्धी पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) बेशुद्ध असताना, डीएमला फक्त स्टॅट ब्लॉक दिसतो. आणि चांगला स्टॅट ब्लॉक स्वतःच गोष्ट सांगतो. २०१४ चा गॉब्लिन बघा. एचपी ७, पण दर फेरीला बोनस ॲक्शनमध्ये (जादा मिळणाऱ्या कृतीत) लपता येतं किंवा लढाईतून अंग काढून घेता येतं. मारायचं, झुडपात शिरायचं, दुसरीकडून निघायचं. हा प्राणी भित्रा आहे, चलाख आहे, समोरासमोर उभा राहणार नाही, हे एका ओळीत कळलं. कोबोल्डचंही तेच. एकटा पाच एचपीचा जीव, पण साथीदार शेजारी असेल तर हल्ल्यावर ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. ते घोळक्यानं का राहतात हे सांगायला आणखी परिच्छेद कशाला हवा?

ओवी

फासा_वीस, गॉब्लिनचं उदाहरण आवडलं. पण तो स्टॅट ब्लॉक गॉब्लिन कसा लढतो ते सांगतो. तो का लढतो, कधी लढणार नाही, त्याला काय दिलं तर वाट सोडेल, हे त्यात कुठंच नाही. त्यामुळं फक्त स्टॅट ब्लॉकवर चाललेलं टेबल शेवटी प्रत्येक भेटीची मारामारी करतं, कारण कागदावर दुसरं काही नसतंच.

दुसऱ्या आवृत्तीचं मॉन्स्ट्रस कम्पेंडियम (१९८९) ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवेल. सुटी पानं आणि रिंगांची फाइल. प्रत्येक प्राण्याला वर हवामान, किती वेळा आढळतो, दिवसा हिंडतो की रात्री, आहार, आणि खाली लढाईचा भाग संपल्यावर निवास-समाज आणि परिसंस्था असे वेगळे मथळे. मला त्या पानांवरून अख्खी साहसं सुचलेली आहेत. आहारात काय लिहिलंय ते वाचायचं आणि गावातलं नेमकं तेच नाहीसं करायचं. गुरं की माणसं की लोखंड, यावर गावकरी वेगवेगळं बोलणार, आणि खेळाडू माग काढत निघणार.

आणि ऑगरवर भुताचं वर्णन चढवलंत तर ऑगर तलवारीनं मरतो हो. माळावरचं भूत तलवारीनं मरतं अशी एकतरी गोष्ट ऐकलीय का कुणी?

फासा_वीस

ओवी, ते मान्य. साध्या हत्याराची इजा होत नाही अशी एक ओळ वाढवा. पण ती ओळ म्हणजे नियमच झाला की नाही?

ओवी

नियमच. पण ती ओळ लिहायची हे तुम्हाला गोष्टीनं सांगितलं.

गडवाट

दोघांच्या मध्ये पडतो. यातल्या कितीतरी प्राण्यांचा जन्म ना गोष्टीतून झालाय ना नियमांतून. रस्ट मॉन्स्टर (लोखंड गंजवून खाणारा) आणि आउलबेअर (अर्धा घुबड, अर्धा अस्वल) हे दोघे हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यांच्या पाकिटातून आलेत. डी अँड डीच्या कर्त्यांपैकी गॅरी गायगॅक्सनं ती खेळणी आणली, टेबलवर मिनी (पात्रांच्या जागी ठेवायच्या बाहुल्या) म्हणून ठेवली, मग त्यांना नियम मिळाले आणि गोष्ट सगळ्यात शेवटी. आउलबेअरची गोष्ट तर आजही एवढीच चालते की कुणा वेड्या जादूगारानं केला असावा. तरी लोकांना आउलबेअर आवडतो.

जेलॅटिनस क्यूब, म्हणजे जेलीसारखा जिवंत ठोकळा घ्या. सगळ्या बाजूंनी दहा फुटी, कारण तेव्हाच्या नकाशांत भुयाराची वाट दहा फुटी चौकटींत काढलेली असायची. वाट भरून टाकणारा प्राणी हवा होता, तो केला. पण त्यातून गोष्ट किती छान निघते बघा. हा जीव रात्रंदिवस वाटा साफ करत फिरतो, म्हणून काही भुयारं चकाचक असतात. त्याला धातू पचत नाही, म्हणून पारदर्शक अंगात तरंगणारी नाणी आणि तलवार दिसते. हुशार खेळाडू धूळ नसलेली फरशी बघून थांबतो. नियम आधी आला, गोष्ट मागून आली, आणि त्या गोष्टीचा परत खेळात उपयोग झाला. आधी कोण आलं याला माझ्या लेखी किंमत नाही. शेवटी दोघं एकमेकांना धरून आहेत का, एवढंच मी बघतो.

मंगळवारपेठी

चकाचक फरशी बघून थांबायचं. सासुरवाडीतबी हाच नियम हाय.

सातबारा

लोरच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. लोर नेहमी निरुपद्रवी नसते. जुन्या पुस्तकांत ऑर्क म्हणजे दुष्ट, सगळेच्या सगळे, जन्मानंच, असं लिहिलेलं असायचं. बायका-पोरांसकट. खेळाडूनं विचारलं की शरण आलेल्या ऑर्कच्या पोराचं काय करायचं, तर पुस्तकाचं उत्तर तयार.

आपण कोल्हापूरचे. 'जन्मानंच गुन्हेगार' हा शब्दप्रयोग आपल्याकडं कायद्यात होता. इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा अख्ख्या जमातीच्या कपाळावर शिक्का मारायचा, आणि तो १९५२ पर्यंत पुरता गेला नव्हता. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानात काही जातींवरची रोजच्या हजेरीची सक्ती बंद केली, आणि ज्यांना बाकीचे चोर म्हणत होते त्या फासेपारध्यांना पहाऱ्याच्या कामावर घेतलं. हे शाळेत शिकून आल्यावर 'ही जमात दुष्ट, दिसली की मारा' अशी लोर मला वाचवत नाही. मी ते वाक्य सरळ गाळतो. त्या जागी हे ऑर्क कुणाचे, यांचं या गावाशी काय वैर आहे, ते लिहितो.

अलीकडच्या पुस्तकांत हे बदलत गेलंय. डी अँड डीच्या २०१६ च्या 'व्होलोज गाइड टू मॉन्स्टर्स' या पुस्तकात ऑर्क, नोल, कोबोल्ड यांवर लांबलचक प्रकरणं होती. २०२२ च्या 'मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्स' या पुस्तकात तो मजकूर पुष्कळ कमी झाला. बऱ्याच जणांना ते आवडलं नाही. मला कात्री आवडली, पण कापलेल्या जागी काहीच ठेवलं नाही हे खटकलं.

ओवी

सातबारा, प्रतिसाद फार आवडला. शेवटच्या ओळीशी पूर्ण सहमत. वाईट गोष्टीवर उपाय चांगली गोष्ट. पान कोरं ठेवून काय होणार?

फासा_वीस

यावर मतभेद नाहीच. माझ्या टेबलवर कुठलीच जमात आख्खी दुष्ट नसते. मात्र भुतं, पिशाच्चं यांना ही सूट लागू करू नका, नाहीतर प्रत्येक हडळीशी समुपदेशन करत बसावं लागेल.

निशिगंध

धागा आत्ता पाहिला. मी सुट्टीत घरातल्या पोरांसाठी खेळ चालवते, वयं दहा ते चौदा. त्यांच्यासाठी चकवा केला होता, तो सांगते, कारण रंकाळावारांच्या प्रश्नाशी त्याचा सरळ संबंध आहे.

जागा दाजीपूरच्या बाजूचं जंगल. पोरांच्या हातात चौकटीचा कागद दिला आणि म्हटलं, नकाशा तुम्हीच काढा. पहिल्या वळणावर एक वाकडं फणसाचं झाड, बुंध्याला गव्यानं अंग घासून साल गेलेली. ती पूर्वेला गेली, ओढा लागला, टेकाड चढली, आणि पुढं वाकडं फणसाचं झाड, बुंध्याची साल गेलेली. पहिल्यांदा कुणाला काही वाटलं नाही. धाकटीनं नकाशावर दुसरं झाड काढलं. तिसऱ्यांदा तेच वर्णन शब्दाला शब्द केलं तेव्हा तिची पेन्सिल थांबली आणि तिनं भावाच्या कागदाकडं पाहिलं. नकाशा कागदाबाहेर चालला होता आणि झाड तेच.

नियम माझे दोनच होते. 'पुढं चालतो' म्हटलं की एक तास जातो आणि थकव्याची एक पायरी चढते. पाचव्या आवृत्तीत सहावी पायरी म्हणजे मरण, ते पोरांना माहीत होतं. दुसरा नियम मी सांगितला नव्हता: जो बूड टेकून पहाटेपर्यंत बसेल तो सुटला. पण खेळाच्या सुरुवातीला गावातली म्हातारी बोलून गेली होती, "रातीचं वाट चुकलीस तर चालू नगंस बाळा, बस." चौथ्या पायरीवर मोठ्याला ते आठवलं. फासा एकदाही टाकावा लागला नाही.

चकव्याला ना एसी ना एचपी. ज्याला मारता येत नाही त्याला ते आकडे देऊन करायचं काय? पण नियम होते, आणि ते गोष्टीतून आले होते.

मंगळवारपेठी

अंगावर काटा आला ताई. आमची आजीबी हेच सांगायची, बसून ऱ्हा म्हणायची.

फासा_वीस

निशिगंध, हा प्रसंग मी नक्की वापरणार. पण एक अडचण आहे. म्हातारीचं बोलणं चालू असताना जो मुलगा पाणी प्यायला उठला होता, त्याचं काय? आणि माझ्या पात्राचं विस्डम (शहाणपणाचा आकडा) १८ असेल, मी स्वतः मात्र विसराळू असेन, तर ते १८ कुठं गेलं? फासा नाही म्हटलं की खेळ पात्राचा राहत नाही, खेळाडूच्या आठवणीचा होतो. पैलवान चालवणाऱ्याला आपण खरोखर जोर मारायला लावत नाही.

निशिगंध

बरोबर शंका आहे. विस्डम चांगलं असलेल्याला मी न विचारता आठवण करून देते: "तुला म्हातारीचं काहीतरी आठवतंय." काय ते सांगत नाही.

गडवाट

चौथ्या आवृत्तीत (२००८) यावर एक उपाय होता. प्रत्येक प्राण्याखाली लोरच्या छोट्या पायऱ्या दिलेल्या. अमुक आकडा आला तर एवढं माहीत, त्याहून वर आला तर आणखी एवढं. त्या पुस्तकावर 'नुसते आकडे' म्हणून टीका झाली, आणि गोष्टी तोकड्या होत्या हे खरंच. पण जेवढी लोर होती तेवढी खेळाडूंपर्यंत पोचायची सोय होती. दुसऱ्या आवृत्तीत ओवींच्या आवडीची ती सुंदर पानं डीएमच्या फाइलीतच राहायची. ट्रोलला आग किंवा ॲसिड लावलं नाही तर तो दर फेरीला दहा एचपी भरून काढतो. हे पात्राला कुठून कळणार? एकतर जुन्या खेळाडूला आधीच ठाऊक असतं, नाहीतर तिघं मेल्यावर कळतं.

ओवी

किंवा वाटेवरच्या धनगरानं सांगितलेलं असतं, की जळक्या रानाकडं तो कधी फिरकत नाही. गडवाट, तेच म्हणतेय. डीएमच्या फाइलीतून बाहेर न पडलेल्या लोरची बाजू मी घेत नाहीच. गावकऱ्याच्या तोंडून, पाऊलखुणांतून, देवळाच्या भिंतीवरच्या चित्रातून खेळाडूसमोर यावी आणि तिच्यावरून त्याला अंदाज बांधता यावा. आगीचा नियम नसता तर धनगराचं बोलणं पोकळ ठरलं असतं. धनगर नसता तर नियम अन्यायाचा वाटला असता.

व्याघ्रमुख

अवांतर होईल, पण राक्षसाचा विषय निघालाच आहे तर. डी अँड डीतला 'राक्षस' १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही आहे. वाघाचं डोकं, अंगात भारी कपडे, आणि धर्मगुरूनं मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की ठार. आपल्या रामायणातल्या राक्षसांशी याचा संबंध नावापुरता. तरी लहानपणापासून रावणाचा पुतळा बघणाऱ्या माझ्यासारख्याला एक ओळ पटते: तो रूप बदलतो, आणि समोरच्याचा विश्वास बसेल असंच रूप घेतो. मारीच काय, भिक्षा मागायला आलेला रावण काय, हेच तर करतात.

तो बाण २०१४ च्या पुस्तकात पुसट होत होत उरलाय. सज्जनानं चालवलेल्या जादूच्या टोकदार हत्याराची त्याला दुप्पट इजा, एवढंच. बाण का, मंतरलेला का, ही गोष्ट गळाली आणि नियम एकटा राहिला. नव्या खेळाडूला तो कुठूनच सुचणार नाही.

सातबारा

अवांतर नाही, हे तर धाग्याच्या पोटातलं आहे.

कोकणकडा

आमच्या सिंधुदुर्गातून एक. आरवलीच्या वेतोबाला लोक मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. मी हा धागा वाचताना सतत तोच विचार करतोय. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा, त्याला शेकड्यांनी एचपी द्यावेत असं कुणालाही वाटेल. पण ज्याच्या चपला झिजतात त्याच्याशी बोलता येतं, त्याच्यासाठी काही करता येतं. एचपी एकही नको.

मंगळवारपेठी

चपला म्हटल्यावर आमचं नाव येणारच! पार्टीला सांगा, कोल्हापुरातनं कातडी चप्पल करून न्या, करकर वाजणारी. वेताळ येतोय ते लांबनंच कळंल, आणि त्याला पायाला आरामबी पडंल.

कोकणकडा

चप्पल वाजली की वेताळ चालू झाला, हे मी खरंच वापरतो. खेळाडूंना फेरी कळते, लपायला वेळ मिळतो.

गडवाट

आकडे कमी असूनही भीती कशी राहते याचं उदाहरण म्हणून डन्जन वर्ल्ड (२०१२) हा दुसरा खेळ बघा. पाचव्या आवृत्तीत मोठा झालेला लाल ड्रॅगन २५६ एचपीचा. डन्जन वर्ल्डमधला ड्रॅगन फक्त १६ चा. पण प्रत्येक प्राण्याला एक 'इन्स्टिंक्ट' लिहिलेली असते, म्हणजे तो मुळात काय करायला बघतो ते, आणि डीएम प्रत्येक वेळी तिथून चालतो. सोळाच एचपी असले तरी ड्रॅगनच्या जबड्याजवळ जाणाऱ्याचा हात उखडला जाऊ शकतो, आणि तो नियमानं उखडतो. खवल्यांतून तलवार जाईल अशी जागा आधी शोधावी लागते. तिथं लोर आणि नियम वेगळे काढताच येत नाहीत.

फासा_वीस

ते चालवायला डीएम तयारीचा लागतो. नवख्याला २५६ मधून वजाबाकी करणं सोपं जातं. म्हणून मी अजूनही नवीन डीएमला सांगेन, आधी स्टॅट ब्लॉक नीट वाच.

रंकाळावारा

सगळ्यांचे आभार. वाचत होतो आणि वहीत लिहीत होतो. रविवारसाठी भूत असं केलंय:

साध्या हत्यारानं इजा नाही. एचपी नाहीतच. सलामी स्वीकारली तरच त्याचं अंग हाताला लागतं, आणि एकदा स्वीकारली की निकालाशिवाय हौदा सोडता येत नाही. स्ट्रेंग्थ ऑगरची, १९. दर फेरीला ॲथलेटिक्सचा सामना, म्हणजे दोघांनी फासे टाकायचे आणि मोठा आकडा जिंकला. पैलवान लागोपाठ दोनदा जिंकला तर भुताची पाठ मातीला लागली, ते माळ सोडतं. हरला तर थकव्याची एक पायरी. कोंबडा आरवेपर्यंत टिकला तरी भूत जातं, पण पुढच्या अमावस्येला त्याच पैलवानाला हाक मारतं. हे सगळं गावातल्या वस्तादाच्या तोंडून आधी तुकड्यातुकड्यानं येईल. एक तुकडा मुद्दाम चुकीचा ठेवावा का, यावर विचार चालू आहे.

ओवी

चुकीचा ठेवू नका. अर्धवट ठेवा. ऐकीव गोष्टीवर विसंबून पात्र मेलं तर ते टेबल पुन्हा कधी गावकऱ्याचं ऐकणार नाही.

फासा_वीस

लागोपाठ दोनदा हे स्ट्रेंग्थ १९ पुढं अवघड आहे. डाव निवडू द्या. ढाक लावली तर जिंकण्याची संधी जास्त, पण फसली तर पायऱ्या दोन. टांग मारली तर सुरक्षित. खेळाडूला दर फेरीला ठरवायला काहीतरी हवं, नाहीतर नुसते फासे पडत राहतील. आणि बाकीच्या खेळाडूंनी तोवर काय करायचं? एक पैलवान खेळतोय आणि उरलेले सगळे बघतायत, हे अर्धा तास चालणार नाही.

रंकाळावारा

डावांचं घेतो. बाकीच्यांचं खरंच सुचलेलं नाही.

मंगळवारपेठी

त्यात काय सुचायचं? कुस्तीला हलगी लागती. एकानं हलगी धरायची, एकानं वस्ताद होऊन बाहेरनं डाव सांगायचा, एकानं कंदील संभाळायचा, वाऱ्यानं विझला तर भुताला अंधाराचा फायदा. आणि भूत एकटं येतंय व्हय? त्याची पण माणसं असणार की माळावर, ती मधी पडायला बघणार. त्यास्नी कोण आडवणार?

फासा_वीस

हलगीवाल्याला बार्ड (गाण्या-वाजवण्यानं जोर चढवणारं पात्र) धरा आणि पैलवानाला बार्डिक इन्स्पिरेशन, म्हणजे मदतीचा जादा फासा द्या. सुरुवातीला डी-सहा (सहा बाजूंचा फासा) पुरे. कंदिलासाठी दर फेरीला डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईचा फासा), डीसी १० (म्हणजे किमान एवढा आकडा यायला हवा), आणि वारा वाढला की १३.